सोने वितळले, यंत्रे उरली

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खिशातले घड्याळ बहुतेक वेळा दोन तुकड्यांत विकत घेतले जाई. गिऱ्हाईक जवाहिऱ्याच्या दुकानात जाई, आधी घड्याळाचे यंत्र निवडी आणि मग त्या यंत्रासाठी डबी पसंत करी. वॉल्थॅम, एल्जिन, इलिनॉय, रॉकफर्ड हे कारखाने मुख्यतः यंत्रे बनवून व्यापाऱ्यांकडे पाठवीत. डब्या बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या: कीस्टोन, क्रेसेंट, ड्यूबर, फाहीज. यंत्रांचे आकार ठरलेले असल्यामुळे एका आकाराचे यंत्र त्या आकाराच्या जवळपास कोणत्याही अमेरिकन डबीत बसे. बेताच्या पगाराचा माणूस पैसे यंत्रावर खर्च करून साधी निकेलची डबी घेई, तर दुसरा कोणी भारी सोन्याच्या डबीत स्वस्तातले यंत्र घाली.

या पद्धतीचा परिणाम पुढे शंभर वर्षांनी दिसला. मनगटी घड्याळे आल्यावर खिशातली घड्याळे कपाटांत पडून राहिली आणि सोन्याचा भाव वाढला की डब्या वितळवायला जाऊ लागल्या. जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले, त्या काळात असंख्य डब्या भट्टीत गेल्या. आतले यंत्र पितळाचे, निकेलचे आणि पोलादाचे. सोनाराला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून ते बाजूला काढून ठेवले गेले. आज अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात डबीवाचून सुटी यंत्रे मोठ्या संख्येने मिळतात ती यामुळे. त्यांचा संग्रह करणे आणि ती पुन्हा चालती करणे हा एक स्वतंत्र छंद झाला आहे. १९४३ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ वॉच अँड क्लॉक कलेक्टर्स’ या संस्थेचे मुख्यालय आणि संग्रहालय पेनसिल्व्हेनियातल्या कोलंबिया गावी आहे. या विषयातला बराच अभ्यास तिच्या सभासदांनी केलेला आहे.

सुट्या यंत्राला संग्राहक इतके मोल का देतात याचे उत्तर त्याच्या अंगावरच कोरलेले असते. कारखान्याचे नाव, ग्रेड, माणकांची संख्या आणि मुख्य म्हणजे अनुक्रमांक यंत्राच्या वरच्या प्लेटवर असतो. कारखान्यांच्या उत्पादनाच्या नोंदी बऱ्याच प्रमाणात टिकल्या आहेत, त्यामुळे या क्रमांकावरून यंत्र साधारण कोणत्या वर्षी बनले, कोणत्या मॉडेलचे आहे आणि त्या खेपेत किती यंत्रे होती हे कळू शकते. डबीवरही क्रमांक असतो, पण तो डबीच्या कंपनीचा. त्यावरून घड्याळाचे वय काढू पाहणारा नवखा संग्राहक हमखास चुकतो.

रॉक्सबरीपासून वॉल्थॅमपर्यंत

अमेरिकन भूमीवर घड्याळे बनवण्याचे प्रयत्न १८५० च्या आधीही झाले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी येथे ल्यूथर गोडार्ड याने १८०९ पासून काही वर्षांत सुमारे ५०० घड्याळे तयार केली. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड येथे हेन्री आणि जेम्स पिटकिन या भावांनी १८३८ च्या सुमारास यंत्रांच्या मदतीने सुटे भाग कापून पाहिले. परदेशातून येणाऱ्या स्वस्त घड्याळांपुढे दोन्ही उद्योग टिकले नाहीत. त्यांची जी थोडी घड्याळे उरली आहेत ती मोठ्या संग्रहांत जपून ठेवलेली असतात.

खरी सुरुवात आरन डेनिसन या घड्याळजीपासून झाली. बॉस्टनमध्ये घड्याळे दुरुस्त करताना त्याला इंग्लिश आणि स्विस यंत्रांचा एक दोष सतत खटके: दोन घड्याळे एकाच कारागिराची असली तरी एकाचा भाग दुसऱ्याला बसत नसे. प्रत्येक भाग हाताने घासून त्याच्या शेजारच्या भागाशी जुळवलेला असे. याच काळात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात बंदुकांचे भाग यंत्रांवर एकसारखे काढले जात होते. हीच रीत घड्याळाला लावायची असे डेनिसनने ठरवले. १८५० मध्ये एडवर्ड हॉवर्ड आणि डेव्हिड डेव्हिस या भागीदारांबरोबर त्याने बॉस्टनजवळच्या रॉक्सबरी येथे काम सुरू केले.

पहिला आराखडा एकदा चावी दिली की आठ दिवस चालणाऱ्या घड्याळाचा होता. त्यात दोन मुख्य स्प्रिंगा होत्या. तो नीट जमला नाही आणि अशी १७ यंत्रेच पूर्ण झाली. मग साध्या, रोज चावी द्यायच्या रचनेकडे वळून ‘वॉरन’ या नावाने जेमतेम शंभराच्या आसपास आणि त्यानंतर भांडवल पुरवणाऱ्या सॅम्युएल कर्टिसच्या नावाने आणखी काही यंत्रे निघाली. अमेरिकन संग्राहकांच्या दृष्टीने या तीन गटांइतके महत्त्वाचे दुसरे काहीच नाही. १८५४ मध्ये कारखाना चार्ल्स नदीकाठी वॉल्थॅमला हलला आणि १८५७ मध्ये दिवाळखोरीत निघाला. लिलावात रॉयल रॉबिन्स याने तो घेतला आणि त्याच वर्षाच्या नावाने ओळखले जाणारे ‘मॉडेल १८५७’ हे चावीचे यंत्र बाजारात आणले. यादवी युद्धात सैनिकांना पगार मिळू लागला तेव्हा त्यातला ‘विल्यम एलरी’ हा स्वस्त ग्रेड भराभर खपला. आजही तो सहज मिळतो आणि नवशिक्याने पहिले चावीचे यंत्र घ्यायचे तर याहून चांगली निवड नाही. एडवर्ड हॉवर्ड मात्र रॉक्सबरीला परत गेला आणि त्याने आपल्या नावाची, अतिशय वेगळ्या रचनेची घड्याळे १९०३ पर्यंत बनवली.

एकसारख्या भागांचे स्वप्न लगेच पुरे झाले नाही. सुरुवातीच्या दशकांत आसांची बारीक टोके आणि माणकांची छिद्रे मोजून, त्यांच्या जोड्या लावून यंत्रे जुळवली जात. भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्लेटांवर आणि पुलांवर अनुक्रमांक किंवा त्याचे शेवटचे आकडे ठोकलेले असत. जुने यंत्र उघडणाऱ्याला ही खूण फार उपयोगी पडते, कारण आकडे जुळले नाहीत तर मधल्या काळात कोणीतरी दुसऱ्या यंत्राचा भाग घातला आहे हे उघड होते.

१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थॅमने आपली स्वयंचलित यंत्रे, त्यातही बारीक स्क्रू आपोआप कापणारे यंत्र, मांडली तेव्हा युरोपला धक्का बसला. परीक्षक मंडळातल्या एदुआर फाव्र-पेरे यांनी मायदेशी परतून स्विस कारखानदारांना उघड इशारा दिला. लाँजीनचे तंत्रज्ञ जाक दाविद यांनी अमेरिकन कारखाने पाहून सविस्तर अहवाल लिहिला. स्विस उद्योगाने त्यापुढे जे बदल केले त्यांची मुळे या भेटीत आहेत.

वॉल्थॅमचे यश पाहून इतर ठिकाणीही कारखाने निघाले. १८६४ मध्ये शिकागोजवळच्या एल्जिन गावी स्थापन झालेल्या कंपनीने वॉल्थॅमचे सात कसबी लोक आपल्याकडे ओढले. १८६७ मध्ये बाहेर पडलेले त्यांचे पहिले यंत्र ‘बी. डब्ल्यू. रेमंड’ ग्रेडचे होते आणि त्यावर १०१ हा क्रमांक होता. पुढच्या शंभर वर्षांत एल्जिनने सुमारे ६ कोटी घड्याळे बनवली. इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डला, रॉकफर्डला, ओहायोमधल्या कोलंबस आणि कँटनला कारखाने निघाले आणि १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला हॅमिल्टन कंपनीचा कारखाना उभा राहिला. कँटनच्या हॅम्प्डेन कारखान्याची कथा सर्वांत वेगळी आहे. तो बंद पडल्यावर १९३० मध्ये त्याची सगळी यंत्रसामग्री सोव्हिएत सरकारने विकत घेऊन मॉस्कोला नेली. शिकवायला काही अमेरिकन कारागीरही सोबत गेले. पहिल्या मॉस्को घड्याळ कारखान्याची सुरुवातीची खिशातली घड्याळे म्हणूनच थेट हॅम्प्डेनच्या वंशातली आहेत.

रेल्वेची कसोटी

१८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकन आणि कॅनेडियन रेल्वे कंपन्यांनी प्रमाण वेळेचे पट्टे स्वीकारले. एकेरी रुळांवर समोरासमोर येणाऱ्या गाड्या वेळापत्रकाच्या भरवशावर चालत, त्यामुळे इंजिन चालकाच्या खिशातले घड्याळ जिवाशी निगडित होते. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोमधल्या किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन माणसे दगावली. त्यानंतर क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे त्या मार्गाच्या घड्याळांच्या तपासणीचे काम आले. त्यांनी बसवलेली शिस्त इतर रेल्वे कंपन्यांनीही उचलली.

‘रेलरोड ग्रेड’ हा शब्द यातून आला. नियम रेल्वेप्रमाणे आणि काळाप्रमाणे थोडे बदलत, पण सर्वसाधारण स्वरूप असे: घड्याळ झाकणावाचूनचे, १८ किंवा १६ आकाराचे; चावीचे टोक बारा वाजण्याच्या जागी; पांढरी तबकडी आणि त्यावर ठळक काळे आकडे; किमान १७ माणके; पाच स्थितींत आणि थंडी-उष्णतेत जुळवलेली चाल; आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक फरक नको. काटे फिरवण्यासाठी तबकडीच्या कडेला एक लहान लिव्हर ओढावी लागे. चावीचे टोक नुसते बाहेर ओढून काटे फिरवता येणे धोक्याचे मानले गेले, कारण घड्याळ खिशातून काढताना चुकून वेळ बदलण्याची शक्यता होती. हॅमिल्टनचे ९९२, इलिनॉयचे ‘बन स्पेशल’ आणि वॉल्थॅमचे ‘व्हॅनगार्ड’ ही याच कसोटीला उतरलेली प्रसिद्ध यंत्रे. बॉल स्वतः यंत्रे बनवीत नसत. हॅमिल्टन, वॉल्थॅम अशा कारखान्यांकडून ती आपल्या नावाने करून घेत.

दुर्मीळ म्हणजे काय

रेल्वेची यंत्रे उत्तम असली तरी त्यातली बरीचशी दुर्मीळ नाहीत. ९९२ हे मॉडेल लाखांच्या संख्येने बनले आणि त्याचे सुटे भागही अजून सापडतात. दुर्मीळपणा बहुधा दुसऱ्या दोन कारणांनी येतो: कारखाना अल्पायुषी ठरला, किंवा मोठ्या कारखान्याने एखादा महागडा ग्रेड थोड्याच संख्येने काढला.

अल्पायुषी कारखान्यांची यादी करुणच आहे. न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआ येथे १८५९ मध्ये वॉल्थॅम सोडून गेलेल्या कुशल माणसांनी कंपनी काढली. त्यांची रचना त्या काळाच्या पुढची होती, पण पैसा संपला आणि १८६२ मध्ये वॉल्थॅमनेच कंपनी विकत घेतली. अर्धवट यंत्रे मुख्यतः वॉल्थॅममध्ये पूर्ण झाली, म्हणून नॅशुआचे नाव कोरलेले यंत्र अगदी विरळा. इलिनॉयमधल्या फ्रीपोर्टचा कारखाना १८७५ मध्ये आगीत भस्मसात झाला. त्याची हाताच्या बोटांवर मोजण्याजोगीच यंत्रे शिल्लक आहेत. न्यू जर्सीतल्या मॅरियन येथील ‘युनायटेड स्टेट्स वॉच कंपनी’ने १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली अत्यंत देखणी यंत्रे काढली. त्यांच्या वरच्या प्लेटमध्ये फुलपाखराच्या आकाराची खिडकी कापलेली असे आणि तिच्यातून आतल्या पॅलेटची (एस्केप नावाचे चक्र दर ठोक्याला अडवून सोडणाऱ्या भागाची) हालचाल दिसे. याच नावाची दुसरी एक कंपनी पुढे वॉल्थॅम गावी निघाली. तिचा मॅरियनशी संबंध नव्हता, आणि विक्रेते दोघींची गल्लत करतात.

मोठ्या कारखान्यांतल्या दुर्मीळ वस्तू ओळखायला अधिक अभ्यास लागतो. वॉल्थॅमच्या १८७२ च्या मॉडेलमध्ये काही यंत्रांना चार्ल्स व्हँडर वूर्ड यांच्या पेटंटचे करवतीसारखे दाते असलेले बॅलन्स चक्र, म्हणजे झोके घेऊन वेळ राखणारे चाक, होते. तसे एखादे समोर आले तर जाणकार संग्राहक श्वास रोखून पाहतो. एल्जिनची १६ आकाराची ‘कन्व्हर्टिबल’ यंत्रे झाकणाच्या आणि झाकणावाचूनच्या अशा दोन्ही डब्यांत बसवता येत. त्यातले २१ माणकांचे ग्रेड फार थोडे आहेत. हॅमिल्टनचे ९४७ हे झाकणाच्या डबीसाठीचे २३ माणकांचे यंत्रही तसेच. हॉवर्डच्या काही यंत्रांवर प्राणी कोरलेले असतात: शिकारी कुत्रा असला तर यंत्राची विशेष जुळवणी केलेली नाही, घोडा असला तर तापमानासाठी केलेली आहे, आणि हरीण असले तर तापमान आणि स्थिती या दोन्हींसाठी. ग्रेड सांगण्याची इतकी सुंदर रीत दुसऱ्या कुठल्या अमेरिकन कारखान्याने योजली नाही.

यंत्र वाचण्याची रीत

आकार समजण्यासाठी तबकडीखालच्या मुख्य प्लेटचा व्यास मोजतात. अमेरिकन मोजपट्टीत ० आकार म्हणजे एक इंच आणि पाच तीसांश, आणि पुढचा प्रत्येक आकार इंचाच्या तिसाव्या भागाने मोठा. त्या हिशेबाने १८ आकार सुमारे ४४.९ मिमी, १६ आकार ४३.२ मिमी आणि १२ आकार ३९.८ मिमी येतो. हॉवर्डने मात्र आकारांना अक्षरे दिली होती आणि त्याची यंत्रे इतरांच्या डब्यांत बसत नाहीत. हॉवर्डचे सुटे यंत्र स्वस्तात मिळाले तरी त्याला डबी मिळवताना नाकी नऊ येतात.

माणकांची संख्या एचएमटीच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ वाचलेल्या मराठी वाचकाला परिचित आहे. माणके शोभेची नसतात. पोलादी आस कठीण, गुळगुळीत माणकात फिरला की झीज आणि घर्षण कमी होते. सात माणकांच्या यंत्रात फक्त बॅलन्स चक्र, त्याचा धक्का घेणारी खुंटी आणि पॅलेटची दोन टोके यांनाच माणके असतात. १५ मध्ये पॅलेटच्या आसाला आणि पुढच्या तीन चाकांना, १७ मध्ये मधल्या चाकालाही. २१ मध्ये पॅलेट आणि एस्केप चक्राच्या टोकांवर झाकणाची माणके येतात आणि २३ मध्ये मुख्य स्प्रिंगच्या पिंपालाही. त्यामुळे पिंपाला माणके दिसत नसताना ‘२३ ज्वेल्स’ असे कोरलेले असेल तर सावध व्हावे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकन नावांशी मिळतीजुळती नावे कोरलेली, खोट्या माणकांची स्विस यंत्रे बाजारात ओतली गेली होती. ती आजही अस्सल म्हणून समोर येतात.

‘अ‍ॅडजस्टेड’ या शब्दामागे कसब आहे. उष्णतेने बॅलन्स चक्राची केसासारखी बारीक पोलादी हेअरस्प्रिंग सैल पडून घड्याळ मागे पडते. यावर उपाय म्हणून बॅलन्स चक्राची कड आत पोलाद आणि बाहेर पितळ अशी जोडून दोन ठिकाणी कापलेली असे. उष्णता वाढली की पितळ जास्त प्रसरण पावते, कडेची मोकळी टोके आत वळतात आणि चक्र जलद होते. स्विस शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम यांनी तापमानाने न बदलणारा एलिनवार हा मिश्रधातू शोधला (त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले) आणि पुढे हॅमिल्टनने तशी हेअरस्प्रिंग वापरल्यावर ही कापलेली चक्रे मागे पडली. चांगल्या यंत्राच्या निकेल प्लेटांवर ‘डॅमस्कीनिंग’ नावाची लाटांची, वर्तुळांची किंवा किरणांची नक्षी असे. कधी दोन रंगांतही. ही नक्षी कारखान्याच्या यंत्रावर उमटवलेली असली तरी हजारो नमुने होते, आणि केवळ तिच्यासाठी यंत्रे जमवणारेही आहेत.

उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

दुरुस्तीचे पहिले काम पाहण्याचे आहे. भिंगातून प्रत्येक बाजूचे छायाचित्र घ्यावे, अनुक्रमांक लिहून ठेवावा, कोणते स्क्रू मूळचे निळे आहेत आणि कोणते नंतरचे ते नोंदवावे. त्यानंतर मुख्य स्प्रिंगचा ताण उतरवावा. हे केल्याशिवाय पूल उघडला तर साठलेली शक्ती एका क्षणात चाकांवर कोसळते, दाते तुटतात, आसांची टोके मोडतात. लिव्हरने काटे फिरणारे यंत्र असेल तर काटे काढण्यापूर्वी लिव्हर ओढलेली आहे की नाही हे पाहावे लागते.

तबकडी तांब्यावर चढवलेल्या मिन्याची असते. तिचे तीन पाय बाजूच्या बारीक स्क्रूंनी धरलेले असतात. ते सैल न करता पात्याने उचकटली की मिना तडकतो. जुन्या तडा मळाने काळ्या दिसतात. कृत्रिम दात साफ करण्याच्या गोळीच्या पाण्यात तबकडी भिजवली तर तो मळ निघतो आणि तडा जवळजवळ दिसेनाशा होतात. मात्र हाताने रंगवलेली किंवा छापील नाव वर बसवलेली तबकडी असेल तर हा प्रयोग करू नये.

यंत्र सोडवताना अमेरिकन रचनेच्या काही गोष्टी माहीत असाव्या लागतात. मुख्य स्प्रिंग तुटली तर उलट झटक्याने चाके मोडू नयेत म्हणून चार्ल्स फॉग यांच्या १८६५ च्या पेटंटने मधल्या चाकाचे दातेरी पिनियन आट्यांवर बसवलेले असे. झटका बसला की ते आपोआप सैल होऊन फिरे. ते आटे नेहमीच्या दिशेचे नसल्याने नकळत जोर लावणारा तो भाग तोडून ठेवतो. शिवाय पुष्कळ अमेरिकन डब्यांत चावीचे टोक आणि त्याची नळी डबीचाच भाग असतात. यंत्र डबीतून काढले की काटे फिरवण्याच्या स्थितीतच अडकून राहते, आणि नवखा माणूस ते बिघडले असे समजतो.

सफाईसाठी जुन्या पुस्तकांत पोटॅशियम सायनाइडचे द्रावण सांगितलेले आढळते. ते प्राणघातक आहे आणि आज त्याची काहीच गरज नाही, तयार द्रावणे मिळतात. पॅलेटची माणके आणि बॅलन्सची खुंटी लाखेने चिकटवलेली असते, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून हे दोन भाग अल्कोहोलात भिजत ठेवू नयेत. माणकांची छिद्रे टोकदार लाकडी काडीने एकेक करून पुसावी लागतात. ध्वनिलहरींनी सफाई करणाऱ्या यंत्रातून काढल्यावरही त्यात वाळलेले तेल राहिलेले आढळते. प्लेटांवर घासणारी पूड किंवा पॉलिश कधीही लावू नये. जुन्या यंत्रांचा सोनेरी मुलामा आणि डॅमस्कीनिंगची नक्षी इतकी पातळ असते की एकदा घासली की कायमची गेली. कोरलेल्या अक्षरांतला काळा भराव तीव्र द्रावणात वाहून जातो हेही लक्षात ठेवावे.

सर्वांत कठीण काम बॅलन्सच्या आसाचे. खिशातून पडलेल्या घड्याळात हाच आधी मोडतो, कारण त्याचे टोक मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतके जाड असते आणि त्या काळात धक्का शोषणारी योजना नव्हती. बहुतेक आस चक्राच्या आऱ्यात रिव्हेटने बसवलेले असतात. तो नुसता ठोकून बाहेर काढला तर छिद्र मोठे होते आणि चक्र वाकते, म्हणून जाणकार घड्याळजी लेथवर रिव्हेटचा भाग कापूनच आस काढतो. वॉल्थॅमने पुढे एक सोपी रीत योजली. चक्रात निळ्या पोलादाची कडी कायम राही आणि आस तिच्यात दाबून बसवला जाई. हे न ओळखता कडीसकट आस ठोकून काढला तर चक्राची हानी होते. नवा आस बसला की चक्र सपाट फिरते का ते पाहणे, मग त्याचे वजन सगळीकडे सारखे आहे का ते तपासणे आणि कडेच्या स्क्रूंनी ते जुळवणे ही पुढची पायरी. एकेका यंत्रामागे यात दिवस जातो.

जुनी निळी पोलादी मुख्य स्प्रिंग वर्षानुवर्षे गुंडाळलेली राहिल्याने मऊ पडलेली असते. न गंजणाऱ्या मिश्रधातूची नवी स्प्रिंग घालणे हा बदल सर्वांना मान्य आहे. फक्त तिची रुंदी, जाडी आणि टोकाची तऱ्हा त्या मॉडेलशी जुळली पाहिजे, आणि ती हाताने नव्हे, साधनाने गुंडाळून घालावी. हेअरस्प्रिंगबाबत मात्र कसलाही प्रयोग नको. ती त्याच चक्राबरोबर कारखान्यात जुळवलेली असते आणि जोडी फुटली की ती जुळवणी गेलीच. वेटोळी एकमेकांना चिकटत असतील तर आधी चुंबकत्व काढून पाहावे. कित्येकदा तेवढेच पुरते.

किती करावे

संग्राहकांत यावर कायम वाद असतो, आणि तो महत्त्वाचा आहे. सामान्य ग्रेडचे यंत्र चालते करण्यासाठी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मोडक्या यंत्राचे भाग वापरणे रास्त आहे, कारण कारखाने बंद पडून दशके लोटली आणि नवे भाग बनत नाहीत. वॉल्थॅमचे दरवाजे १९५७ मध्येच बंद झाले. पण दोन चांगली दुर्मीळ यंत्रे मोडून एक विकाऊ यंत्र बनवणे हा पुराव्याचा नाश आहे. नॅशुआ किंवा मॅरियनच्या यंत्रात मूळ भाग झिजलेला असला तरी तो दुरुस्त करावा, टाकू नये. अगदी बदलावाच लागला तर काढलेला भाग लहान पाकिटात घालून यंत्रासोबत ठेवावा. पूर्वीचे घड्याळजी दुरुस्तीची तारीख सुईने आतल्या बाजूला कोरीत. आज ती नोंद कागदावर ठेवतात आणि धातूला हात लावत नाहीत. गंजलेल्या स्क्रूंना सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पुन्हा निळा रंग आणता येतो, आणि तसे करायला कोणाची हरकत नसते, कारण मूळ रंगही याच रीतीने चढवलेला होता.

जोडणीच्या वेळी तेल तीन प्रकारचे लागते: मुख्य स्प्रिंगला जाड वंगण, मोठ्या चाकांच्या टोकांना मध्यम, बॅलन्स आणि एस्केप चक्राला अगदी पातळ. पूर्वी हे पातळ तेल डॉल्फिनच्या जबड्याच्या चरबीपासून काढीत आणि मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डच्या विल्यम नाय यांचे तेल जगभर जाई. आता कृत्रिम तेले वापरतात. हेअरस्प्रिंगला आणि चाकांच्या दात्यांना तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. यंत्र जोडून झाल्यावर ते ध्वनी मोजणाऱ्या उपकरणावर ठेवतात. यातल्या बहुतेक यंत्रांचा ठोका सेकंदाला पाच, म्हणजे तासाला १८,००० असतो. तबकडी वर, तबकडी खाली, चावीचे टोक वर, डावीकडे आणि उजवीकडे या पाच स्थितींत चाल तपासतात. आडव्या स्थितीत बॅलन्स २५० अंशांच्या आसपास झोके घेत असेल तर शंभर वर्षांच्या यंत्राकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

शेवटी प्रश्न उरतो तो डबीचा. त्या काळची रिकामी डबी मिळाली तर यंत्र तिच्यात बसवता येते, पण सेकंदाच्या छोट्या काट्याची जागा पाहून घ्यावी. झाकणाच्या डबीसाठी बनलेले यंत्र उघड्या डबीत घातले तर चावीचे टोक बारा ऐवजी तीनच्या जागी येते. दुसऱ्या घड्याळाची मूळची डबी मोडून तिच्यात यंत्र बसवू नये. फिरते विक्रेते पूर्वी मागून काच असलेल्या डबीत नमुन्याची यंत्रे दाखवीत. दुर्मीळ यंत्रांसाठी बरेच संग्राहक तीच रीत पाळतात. ज्यांना तेवढी डबीही मिळत नाही ती यंत्रे झाकण असलेल्या साध्या गोल पेटीत, कोरड्या जागी, चुंबकापासून दूर ठेवली जातात. पेटीच्या आत कागदाची एक चिठ्ठी असते: कारखाना, मॉडेल, अनुक्रमांक, काय बदलले आणि तेल शेवटचे कधी दिले.